अहो म्हणजे कोण?

रमाकांत हत्तुरे यांच्या घरात एक यंत्र आलं होतं आणि ते यंत्र रमाकांतराव सोडून अख्ख्या सोलापूरशी बोलत होतं.

खरं तर बोलायच्या त्या शैलाबाई, म्हणजे रमाकांतरावांची बायको. संक्रांतीच्या आधी त्यांना पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजायचं सगळं. राग यायचा, हसू यायचं, मालिकेतल्या सुनेने कालचीच साडी आज पुन्हा नेसली आहे हेसुद्धा कळायचं. पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. पूर्वीचे दिवस असते तर पाटी-पेन्सिल हातात देऊन बोळवण झाली असती. आता पुनर्वसन केंद्रात वैखरी मिळते.

वैखरी म्हणजे कपाळावरून मागे जाणारा एक पट्टा आणि गळ्यात अडकवायचा छोटा स्पीकर. बोलायचं ठरवलं की मेंदू ओठांना आणि जिभेला हुकूम सोडतो. शैलाबाईंच्या मेंदूतून हुकूम अजून सुटत होते, वाटेतली तार तेवढी तुटली होती. पट्टा ते हुकूम मधेच टिपायचा आणि स्पीकर ते बोलून दाखवायचा, तेही शैलाबाईंच्याच आवाजात. मुलीच्या फोनमध्ये आईचे जुने व्हॉइस मेसेज ढिगाने पडले होते, त्यांवरून तो आवाज बेतला होता.

पथ्य एकच होतं. मनात आलेलं सगळंच बाहेर पडायला लागलं तर कुठलाही संसार दोन दिवस टिकायचा नाही. म्हणून वैखरी आधी बघायची, हे बोलणं आहे कोणाला? माणूस कुणाशी बोलायला लागला की त्याच्या मेंदूत त्या समोरच्यापुरती एक खूण उमटते. मुलीशी बोलताना एक, डॉक्टरांशी बोलताना दुसरी. मराठीत तर ते कळल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. दे म्हणायचं की द्या, ये म्हणायचं की या, हे समोर कोण उभं आहे त्यावर ठरतं. ती खूण वैखरीच्या ओळखीची निघाली तरच वाक्य बाहेर यायचं. नाही निघाली तर वैखरी समजायची की बाई मनातल्या मनात बोलतायत, आणि वाक्य गिळून टाकायची.

रमाकांतरावांच्या वाट्याला नुसतं गिळणंच आलं होतं.

सकाळी भाजीवाली दारात आली की शैलाबाई वॉकर सरकवत जायच्या आणि स्पीकर खणखणीत बोलायचा, "मावशी, ही मेथी कालची आहे. मला काय बोलता येत नाही म्हणून दिसतही नाही होय?" समोरच्या वहिनींशी अर्धा तास गप्पा व्हायच्या. हैदराबादहून मुलीचा, मनालीचा फोन आला की, "मने, जेवलीस का? आवाज का बसलाय?" सगळं अगदी पूर्वीसारखं. आणि रमाकांतराव चहाचा कप घेऊन पुढ्यात उभे राहिले, "साखर बरोबर आहे का?" म्हणाले, की शैलाबाई त्यांच्याकडे बघायच्या, भुवया वर जायच्या, डावा हात हलायचा, आणि स्पीकर मख्खासारखा गप्प.

"अगं, बोल की!" रमाकांतराव वैतागायचे.

शैलाबाईही वैतागायच्या. कप खाली आदळायच्या.

केंद्रात असं झालं नव्हतं. तिथे पट्टा पहिल्यांदा बसवला, ओवी दातार नावाच्या तिथल्या तंत्रज्ञ मुलीने घरच्यांच्या खुणा टिपून तो चालू केला, आणि शैलाबाईंचं पहिलं वाक्य नवऱ्यालाच होतं: "अहो, घरी चला." त्या तीन शब्दांनी रमाकांतरावांचे डोळे भरून आले होते. म्हणून घरी आले, तर दुसऱ्या दिवसापासून ही तऱ्हा.

रमाकांतराव महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात अभियंता होते. सोलापुरात पाणीपुरवठ्यात नोकरी करायची म्हणजे जन्मभर लोकांच्या शिव्या खायच्या. पाणी उशिरा आलं की हत्तुरे, गढूळ आलं की हत्तुरे, आलंच नाही तर मग हत्तुरेंच्या घरासमोर घागरी घेऊन बायका. त्या नोकरीने त्यांना एक सवय लावली होती. कोणी हाक मारली की तक्रारच असणार असं धरून पहिल्या दोन-तीन हाकांना ते ओ द्यायचेच नाहीत. खरोखर गरज असेल तर माणूस पुन्हा हाक मारतो, असा त्यांचा हिशेब होता आणि तो त्यांनी घरीही लावला होता.

पण आता पहिलीच हाक येईना, तर ओ कशाला द्यायचा?

सगळ्यात जास्त डोक्यात जायचा तो डबेवाला. शैलाबाईंना स्वयंपाक होत नव्हता म्हणून संध्याकाळी बिराजदारांचा डबा यायचा. बिराजदार चांगला पन्नाशीचा, टक्कल पडलेला, अदबशीर माणूस. तो दारात दिसला की शैलाबाईंचा स्पीकर लगेच बोलायचा, "अहो, उद्या भाजीला तिखट जरा कमी घाला."

अहो! जो शब्द ऐकायला रमाकांतरावांचे कान आसुसले होते, तो जिन्यात उभ्या असलेल्या परक्या माणसाला, तोही त्याच आवाजात, त्याच सुरात.

"होय काकू, घालतो की कमी," बिराजदार हसून म्हणायचा. रमाकांतरावांना तो डबा त्याच्या डोक्यात घालावासा वाटे.

डबा आला की पट्टा काढायची वेळ. खाताना जबडा हलतो आणि पट्टा सरकतो, म्हणून जेवणाआधी तो उतरवून चार्जिंगला लावायचा, असं ओवीने बजावलं होतं. मग दोघं समोरासमोर बसून मुकाट जेवायचे. पट्टा असतानाही मुकाट आणि नसतानाही मुकाट.

मनालीने एकदा फोनवर विचारलंच. "आई, बाबांशी का बोलत नाहीस गं?"

"बोलते की," शैलाबाईंचा स्पीकर म्हणाला. "दिवसभर बोलते. हे ऐकत नाहीत."

"मी ऐकत नाही?" रमाकांतराव पलीकडून ओरडले. "मी? अगं, तू बोल तरी!"

"बघ," स्पीकर मनालीला म्हणाला, "ओरडायला लागले."

मधे एक दिवस चमत्कार झाला. बिराजदार बहिणीच्या मुलीच्या लग्नाला अक्कलकोटला गेला होता, त्यामुळे आदल्या संध्याकाळी डबा आला नव्हता. रमाकांतरावांनी खिचडी टाकली होती आणि ती लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेपर वाचत होते, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो! दूध उतू जातंय!"

रमाकांतराव पेपर टाकून धावले. दूध गेलं होतंच, पण कोणाला त्याचं. ते गॅसपुढे उभे राहून खुळ्यासारखे हसत होते. मग दिवसभर नुसता पाऊस. अहो, पंखा लावा. अहो, पंखा बंद करा. अहो, मनीला फोन लावा. अहो, ती खिडकी वाजतेय. अहो, हे काय पुसलंत का नुसतं ओलं केलंत? चार वाजेपर्यंत रमाकांतराव मूळपदावर आले होते आणि पाचच्या सुमाराला तोंडातून निघून गेलं, "अगं, जरा गप्प बसशील का?"

संध्याकाळी बिराजदार लग्नाचे लाडू घेऊन हजर. शैलाबाईंच्या भुवया वर गेल्या, डावा हात हलला, पण कार्य कसं झालं ते रमाकांतरावांनाच विचारावं लागलं; मग पट्टा चार्जिंगला लागला. आणि दुसऱ्या दिवसापासून शैलाबाई पुन्हा गप्प.

आता रमाकांतरावांना कोडंच उरलं नाही. आपण गप्प बस म्हणालो आणि बाई रुसल्या. आधीचं न बोलणंही असल्याच कसल्या तरी जुन्या रागापोटी असणार. केंद्रातल्या डॉक्टरांनी तपासणी केली तेव्हा त्यांनीही तोच सूर लावला, फक्त डॉक्टरी भाषेत. वैखरीत तुमच्या नावाची खूणच सापडत नाही हत्तुरेसाहेब, झटक्यात कधीकधी असं होतं, माणसाची ओळख राहते पण त्याच्याशी बोलायची ओढ जाते. मनाला लावून घेऊ नका.

मनाला लावून घेऊ नका म्हणे. रमाकांतरावांनी ते इतकं लावून घेतलं की तेही बोलायचे बंद झाले. रुसायचं तर आम्हालाही येतं.

त्याच आठवड्यात शैलाबाई बाथरूममध्ये पडल्या.

दुपारची वेळ होती. रमाकांतराव हॉलमध्ये पाणीपट्टीवरचा एक संतापजनक लेख वाचत होते. आतून बादली वाजली. मग पुन्हा वाजली. मग वाजतच राहिली.

"काय आदळआपट चाललीय?" रमाकांतराव पेपरामागून ओरडले. रागावल्यात तर रागावू देत, असं त्यांना वाटलं. लेख संपवून, वर चष्मा पुसून ते उठले तेव्हा बादली वाजायची थांबली होती. शैलाबाई ओल्या फरशीवर एका कुशीवर पडल्या होत्या, डावा हात बादलीच्या कडीत, पट्टा कपाळावर, स्पीकर गळ्यात. स्पीकरचा हिरवा दिवा छान लागलेला होता.

"हाक मारायची ना गं!" रमाकांतराव त्यांना उचलता उचलता रडकुंडीला आले. "यंत्र कशाला दिलंय मग?"

शैलाबाईंनी डाव्या हाताने तो स्पीकर धरला आणि दोन-तीनदा फरशीवर आपटला.

हाड मोडलं नव्हतं एवढंच नशीब. पण केंद्राचा एक नियम होता आणि तो चुकीचा होता असंही म्हणता येत नव्हतं. रुग्णाला जो सांभाळतो, त्याला रुग्णाने दुसऱ्या खोलीतून हाक मारायची आणि त्याने यायचं. ही हाकेची चाचणी पार पडली नाही, तर त्या रुग्णाला त्या माणसाच्या एकट्याच्या भरवशावर घरी ठेवायला केंद्र संमती देत नसे. मनालीला कळलं तेव्हा तिने फार बोलणं लावलंच नाही.

"बाबा, शुक्रवारी चाचणी आहे. ती झाली नाही तर रविवारी मी गाडी घेऊन येते. आईला इकडे आणते."

"आणि मी?"

"तुम्ही येऊन-जाऊन असा. इथे सासूबाई पण अंथरुणावर आहेत बाबा, दोन खोल्यांत मी कुणाकुणाला कुठे ठेवू? आणि आई तुमच्याशी बोलतही नाही. उद्या पुन्हा पडली तर?"

बायको निघून जाणार, आणि जाताना 'येते' असंसुद्धा आपल्याला म्हणणार नाही, हे त्यांच्या डोळ्यांपुढे स्पष्ट दिसायला लागलं.

शुक्रवारी ओवी आली. पाठीला सॅक, हातात हेल्मेट, चेहऱ्यावर आज आणखी चार घरं उरकायची आहेत असा भाव. तिने चाचणी घेतली. शैलाबाई आतल्या खोलीत, रमाकांतराव हॉलमध्ये. आत शैलाबाईंचे डोळे मोठे झाले, मान ताठ झाली, चेहरा लाल झाला. हॉलमध्ये चिटपाखराचाही आवाज नाही.

"नाही होत काका," ओवी बाहेर येऊन म्हणाली आणि टॅबवर काहीतरी नोंदवायला लागली.

"थांब!" रमाकांतराव उखडले. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं त्या पोरीवर निघालं. "नाही होत म्हणजे काय? ती भाजीवालीशी बोलते, तुझ्याशी बोलते, त्या डबेवाल्याशी अहो-जाहो करते! एक दिवस माझ्याशी बोलली, अख्खा दिवस! मग गप्प. ओढ गेली म्हणे. ओढ काय नळाचं पाणी आहे, एक दिवस येतं आणि चार दिवस जातं?"

ओवीचं बोट टॅबवर थबकलं. "एक दिवस बोलल्या होत्या? कधी?"

"डबेवाला लग्नाला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"हे मला कोणी सांगितलंच नाही!" आता ओवी वैतागली. तिने सॅकमधून लॅपटॉप काढला, सतरंजीवरच बसकण मारली आणि त्या दिवसाच्या आधीचं नि नंतरचं उघडलं. बराच वेळ ती नुसती पडदा वरखाली सरकवत राहिली.

"काकू," तिने शेवटी विचारलं, "तुम्ही काकांना कशी हाक मारता?"

"मारते की," स्पीकर म्हणाला. ओवीची खूण त्याच्या ओळखीची होती.

"हो, पण काय म्हणून?"

"काय म्हणून म्हणजे? अशीच."

"म्हणजे रमाकांत? रमाकांतराव?"

"अगं बाई!" शैलाबाईंचा डावा हात तोंडावर गेला. "अहो म्हणते."

"अहो कोण?"

"अहो म्हणजे हे."

"हे म्हणजे?"

"हे म्हणजे हेच की!" शैलाबाईंनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. या मुलीला साधं मराठी कळत नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

"आणि डबेवाल्या काकांना?"

"त्यांना काय म्हणणार? अहोच."

ओवीने डोकं धरलं.

"काका, इकडे या," ती म्हणाली. "काकू कुणालाही हाक मारतात तेव्हा इथे एक जोडी तयार होते. हाकेचा शब्द आणि त्या माणसाची खूण. हाक बाहेर ऐकू येवो न येवो, जोडी होतेच. वैखरी पायथॉन नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहिलीय, तिथे अशा जोडीला ट्यूपल म्हणतात. एकदा बांधली की बांधली, नंतर तिच्यात काही बदलता येत नाही. अशा जोड्या एकाखाली एक साठत जातात. हे बघा. मने आणि मनालीताई. मावशी आणि भाजीवाल्या. अहो आणि तुम्ही. अहो आणि तुम्ही. अहो आणि तुम्ही. पूर्ण दिवसभर तुम्हीच आहात."

रमाकांतराव वाकून बघायला लागले. पडद्यावर खरंच सगळीकडे अहो होतं, ओळीमागून ओळ.

"मग बोलत का नाही हे कार्टं?"

"कारण बोलताना दरवेळी एवढा ढीग उपसत बसलं तर फार वेळ जाईल. म्हणून पट्टा चार्जिंगला लावला की वैखरी या जोड्यांची डिक्शनरी बनवते. शब्द ही किल्ली आणि खूण हा तिच्यामागचा माणूस. दुसऱ्या दिवशी वैखरी फक्त डिक्शनरीत बघते, ढिगात नाही. आणि डिक्शनरीत एक किल्ली एकदाच राहते काका. तीच किल्ली पुन्हा आली की नंतरचा माणूस आधीच्याला पुसून टाकतो. गपचूप. काही चुकलं म्हणून सांगतही नाही, कारण तिच्या लेखी काही चुकलेलंच नसतं."

"म्हणजे शेवटी ज्याला अहो म्हटलं..."

"तोच खरा अहो. आणि रोज शेवटी येतो डबा. त्यानंतर तुम्ही पट्टा काढता." ओवीने पडदा वर सरकवला. "ज्या दिवशी डबा आला नाही, त्या दिवशी शेवटची जोडी तुमची होती. म्हणून दुसऱ्या दिवशी तुम्ही होतात."

रमाकांतराव खुर्चीत बसले. त्यांना हसावं की त्या वैखरीवाल्यांच्या ऑफिसात जाऊन खुर्च्या फेकाव्यात ते कळेना. "एवढे शिकलेले लोक तुम्ही. एक अहो दोन माणसांना म्हणतात हे तुमच्यात कोणालाच माहीत नव्हतं?"

"नाही ना काका!" ओवी कळवळून म्हणाली. "माझी आई बाबांना समीर म्हणते. मी माझ्या नवऱ्याला अरे म्हणते. आमच्या टीममध्ये सगळ्यांचं तसंच. आम्ही अहो फक्त रिक्षावाल्याला म्हणतो. घरच्या प्रत्येक माणसाला स्वतःची वेगळी हाक असते असं आम्ही धरूनच चाललो. बरं, तुम्ही काकूंना काय म्हणता?"

"अगं."

"अगं," ओवी म्हणाली. "छान. धन्य आहात दोघं."

उपाय तसा सोपा होता. एका किल्लीमागे एकच माणूस ठेवायच्या ऐवजी सगळ्यांची रांग ठेवायची. मग अहो म्हटलं की वैखरी रांगेतल्या प्रत्येकाची खूण ताडून बघेल. ओवीच्या म्हणण्याप्रमाणे दोन-तीन ओळींचं काम. पण वैखरी हे डॉक्टरी यंत्र, त्यातली ओळ बदलायची तर मुख्य कार्यालय, मग समिती, मग चाचण्या. काही महिने कुठेच गेले नाहीत. आणि मनाली रविवारी येणार होती.

"काकू, आपण एक करू," ओवी म्हणाली. "तुम्ही काकांना नावाने हाक मारा. नवी किल्ली. कायमचा प्रश्न मिटेल. मनातच म्हणायचंय, तोंडाने नाही."

"नाही," स्पीकर म्हणाला.

"घे की नाव," रमाकांतराव अजिजीने म्हणाले. "कोण बसलंय ऐकायला?"

शैलाबाई त्यांच्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या, ते अर्थातच गिळलं गेलं. मग संतापून त्या ओवीकडे वळल्या. "ह्यांना सांग. सगळ्या गावाने जन्मभर ह्यांच्या नावाने शंख केला. पाणी नाही, हत्तुरे. नळ फुटला, हत्तुरे. आमच्या दारात उभं राहून केला. घरात मी एकटी होते जी ते नाव घेत नव्हते. आता या वयात माझ्या तोंडी नको ते."

ओवीने टॅब खाली ठेवला. रमाकांतराव खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना वाटायचं, ही जुन्या वळणाची आहे म्हणून नाव घेत नाही. यामागे असं काही असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलंही नव्हतं.

"बरं, मग शेवटचा मार्ग," ओवी म्हणाली. "शेवटची हाक काकांची. काकू, काकांना आत्ता एकदा हाक मारा. आवाज येणार नाही, पण जोडी होईल. मग मी डिक्शनरी पुन्हा बनवते. मात्र रोज हेच करावं लागेल. डबा घेतला, की पट्टा काढायच्या आधी काकांना समोर उभं करून हाक. एक दिवस चुकलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा डबेवाले."

रमाकांतराव उठून बायकोसमोर जाऊन उभे राहिले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना समजत नव्हतं. शैलाबाई त्यांच्याकडे बराच वेळ बघत बसल्या, इतका की ओवीने घड्याळात पाहिलं. मग त्यांची मान किंचित हलली आणि लॅपटॉपवर एक नवी ओळ उमटली.

ओवीने एक कळ दाबली. पट्ट्यावरचा दिवा विझला आणि पुन्हा लागला.

"अहो," स्पीकर म्हणाला.

"काय गं?" रमाकांतराव एक पाऊल पुढे सरकले.

"त्या दिवशी मोरीत पडले तेव्हा किती हाका मारल्या मी तुम्हाला."

"अगं, ऐकूच नाही आल्या! हे यंत्रच..." ते ओवीकडे, लॅपटॉपकडे, सगळीकडे हात करून सांगायला लागले. "आत्ता तिने सांगितलं ना, तो डबेवाला मधे..."

"बादली वाजवली ती?"

रमाकांतरावांनी हात खाली घेतला.

"यंत्राचं समजलं मला," शैलाबाई म्हणाल्या. "ते आत्ता आलं. त्याच्या आधी तरी कुठे ऐकू यायच्या?"

ओवी एकदम लॅपटॉपच्या वायरी गुंडाळायला लागली.

रमाकांतरावांनी उत्तर शोधून पाहिलं. पाण्याच्या तक्रारी, नोकरी, लोकांच्या शिव्या, पहिल्या हाकेला ओ न द्यायचा तो हिशेब. बायकोसमोर मांडण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. "चुकलं माझं," ते म्हणाले. एवढंच म्हणायला त्यांना फार जड गेलं.

चाचणी पुन्हा झाली. शैलाबाई आतल्या खोलीत गेल्या, दार लोटलं. "अहो!" आवाज पुरता बाहेर पडायच्या आतच रमाकांतराव दारात धडकले, इतक्या घाईने की दार शैलाबाईंच्या वॉकरवर आपटलं.

"हळू!" स्पीकर ओरडला. ओवीने चाचणी उत्तीर्ण लिहिलं. मनाली रविवारी आली ती नुसती बघायला, आणि सोमवारी एकटीच परत गेली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तो सोहळा सुरू झाला. बिराजदार आता वैखरीला परका झाला होता. शैलाबाई त्याला तिखटाचं सांगायच्या ते गिळलं जायचं आणि भाजी दिवसेंदिवस जहाल व्हायला लागली. शेवटी रमाकांतरावच दारात उभं राहून निरोप्याचं काम करायचे. डबा आत आला की मग त्यांची पाळी. हातातलं टाकून यायचं, समोर उभं राहायचं.

"मार बाई हाक," ते कुरकुरायचे. "भूक लागलीय."

शैलाबाई कधीच लगेच मारायच्या नाहीत. आधी निवांत बघायच्या. मग, "अहो, शर्टाचं बटण तुटलंय." किंवा, "अहो, आज चेहरा का उतरलाय?" किंवा, "अहो, तुमचे वडील अस्सेच उभे राहायचे." एकदा सुरुवात झाली की ती एका हाकेवर भागायची नाही. डबा गार व्हायचा. रमाकांतराव चिडायचे, पाय दुखतात म्हणून तक्रार करायचे, एकदा तर खुर्ची आणून समोर बसले. पण चुकवलं एकदाही नाही.

काही महिन्यांनी, एका संध्याकाळी, ओवीचा फोन आला. ती भलतीच खुशीत होती.

"काका, झालं! समितीने मान्य केलं. आता एका किल्लीमागे कितीही माणसं राहतील. तुम्ही, डबेवाले, रिक्षावाले, सगळे अहो एकदम! मी इथूनच टाकते तुमच्या वैखरीत. आता रोज समोर जाऊन उभं राहायची कटकट संपली बघा."

"सुटलो," रमाकांतराव म्हणाले आणि स्वयंपाकघराकडे वळून ओरडले, "अगं, ओवीचा फोन आहे! ते दुरुस्त झालंय म्हणते. आजपासून मला उभं राहायला नको. टाकू दे ना तिला?"

आतून काहीच आवाज आला नाही. क्षणभर त्यांना वाटलं, पुन्हा तेच, पुन्हा गिळलं. ते फोन कानाला धरूनच दारापर्यंत गेले. शैलाबाई ओट्यापाशी डबा उघडून उभ्या होत्या.

"नको," त्या वळून न बघता म्हणाल्या. "राहू दे."

"अगं, का पण? तिखट भाजी खातेस रोज ती त्यापायी!"

"खाईन तिखट," शैलाबाई म्हणाल्या. "पण अहो, रोज एकदा येता तरी."

"हॅलो? काका?" ओवी फोनमध्ये विचारत होती. "टाकू ना मग?"

"नको," रमाकांतराव म्हणाले.

"का हो? काय झालं?"

"नंतर बोलतो ओवी," ते म्हणाले, "हिने हाक मारलीय," आणि फोन ठेवून आत गेले.